कुडाच्या रंगाचा तुकडा

होळी होऊन चार दिवस झाले. आज सकाळी डोंगराकडून गार वारा सुटला होता, अंगावर पांघरूण ओढून घ्यावं असा, आणि त्याच्याबरोबर मोहाच्या फुलांचा वास खाली उतरला होता. आता ऊन वर चढलंय. सातपुडा धुरकट झालाय, कोंबड्यांनी सावली धरलीय आणि आभाळात ढगाचं बोटभरही चिन्ह नाही. माणसं म्हणतील, उन्हाळा लागला. मी म्हणतो, चला, ऊन कामाला लागलं.

मी कोण, ते सांगतो. तुम्हाला घाई नाही ना? मलाही नाही.

या घराच्या पश्चिमेच्या खिडकीत काळ्या कडप्प्याची पट्टी आहे. तिच्यावर वीतभर लांबीचा अल्युमिनियमचा एक तुकडा पडलेला दिसेल. चौकोनी, आतून पोकळ, दोन टोकांना दोन भोकं. वरच्या अंगाने मळकट तपकिरी, खालच्या अंगाने काळपट. तो मी. खिडकीचा भाऊ म्हणा हवं तर. पण स्वतः खिडकी काही मी कधी झालो नाही. मी नमुना. दुसऱ्यांनी माझ्याकडे बघायचं आणि खिडकी तिसऱ्यानेच व्हायचं, असा माझा जन्म गेला. त्याचं मला वाईट वाटत नाही. का वाटत नाही, तेच सांगायला बसलोय.

जन्माचं मला धड आठवत नाही. एवढंच आठवतं की तापलेल्या धातूचा मोठा गोळा मागून कुणीतरी जोराने रेटला आणि पुढून आम्ही निघालो, सोऱ्यातून शेव निघते तसे, लांबच लांब. तेव्हा अंगाचा रंग नव्या पातेल्यासारखा होता. मग आम्हाला आकड्यांना टांगलं, अंगावर पिठासारखी पूड उडवली आणि भट्टीत शेकलं. पूड वितळून अंगाला घट्ट बसली. बाहेर आलो तेव्हा मी गडद तपकिरी झालेलो, इतका गडद की सावलीत काळाच दिसावा. कोरा चहा चुलीवर विसरला की जसा होतो, तसा.

तिथून टेंपोत पडून शहाद्याला आलो. एसटी स्टँडकडून जो रस्ता येतो त्यावर भटू मिस्त्रीचं अल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे. भटूने आम्हाला करवतीखाली घातलं. माझे भाऊ एका दवाखान्याच्या खिडक्यांना गेले, काही एका बंगल्याला गेले. मी उरलो वीतभर. भटू असा माणूस की त्याला तुकडा टाकवत नाही. हातात धरून त्याने मला उलटसुलट केलं आणि म्हणाला, "हाऊ नमुनाले चाली जाई."

नमुन्याला चालेल, एवढंच. तिथेच माझं नशीब ठरलं.

दुकानाबाहेर भिंतीला लाकडी फळी होती. तिच्यावर आम्ही पाच जण स्क्रूने बसलो. पांढरा, काळा, सोनेरी, लाकडाच्या रेघा छापलेला आणि शेवटी मी. माझ्याखाली भटूने रंगाचं नाव लिहिलं, कॉफी. मला वाचता येत नाही, येणारे-जाणारे वाचायचे त्यावरून कळलं. फळीचं तोंड पश्चिमेला. दुपार कलली की सूर्य जो समोर येऊन उभा राहायचा, तो मावळेपर्यंत हलायचा नाही. शहाद्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल. नसेल तर एकदा वैशाखात येऊन बघा.

दहा उन्हाळे मी तिथे काढले. माणसं रंग कसा निवडतात ते इतक्या जवळून कुणी पाहिलं नसेल.

पहिली गोष्ट, माणूस बोटाने टकटक करतो. रंग बघायला आलाय, पण आधी टकटक. मग नखाने ओरखडा काढून बघतो आणि मिस्त्रीचं लक्ष आपल्याकडे नाही ना, तेही बघतो. मग एक पाऊल मागे सरून मान वाकडी करतो. आणि एवढं सगळं झाल्यावर विचारतो, "यातला मळखाऊ कोणता?" आमच्या भागात धूळच एवढी. कापसाच्या गाड्यांची, उसाच्या गाड्यांची. भटू दरवेळी माझ्याकडे बोट दाखवायचा. माणूस दरवेळी मान हलवायचा आणि पांढरा घेऊन जायचा.

रंजनाबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्या सलग तीन दिवस आल्या, रोज वेगळी साडी नेसून. पदर आमच्या प्रत्येकाशेजारी धरून बघायच्या. तिसऱ्या दिवशी भटू म्हणाला, "ताई, खिडकीले लुगडं नेसाडनं शे का?"

"मग खिडकीत उभं कोण राहणार, मी का तुम्ही?" बाई शांतपणे म्हणाल्या. भटूने मान खाली घातली. त्यांनी सोनेरी घेतला.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आरसा मला कुठला? मी आपला समजत होतो की भट्टीतून निघालो तसाच आहे. मग एका दिवाळीला समोरच्या औषधाच्या दुकानाला काचेचं दार बसलं आणि त्यात मला माझं रूप दिसलं. मी ओळखलंच नाही. कोऱ्या चहात कुणीतरी सावकाश दूध ओतत गेलं होतं. चकाकी गेली होती. धुरात मुरलेल्या जुन्या काठीसारखा मंद, मऊ रंग आला होता. फक्त पाठ माझी फळीला चिकटलेली. तिला ऊन माहीतच नव्हतं. तिथे मी अजून तोच होतो, काळपट, कोवळा. पण नमुन्याची पाठ कोण बघतो? रोज समोर असणाऱ्याचं म्हातारपण घरच्यांना दिसत नाही, तसं भटूलाही ते दिसलं नाही.

अशा दिवसांत जालमसिंग आला.

म्हसावदच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचा पाडा. जालमसिंग पावरा जमातीचा माणूस, वयाने साठीच्या पुढचा, बोलायला सावकाश आणि ऐकायला त्याहून सावकाश. बरोबर बायको रमिलाबाई, मुलगा शिवाजी आणि सून रविना. शिवाजी आश्रमशाळेत शिपाई. त्याने जुन्या घराला लागूनच विटा-सिमेंटचं घर बांधलं होतं. भिंती उभ्या होत्या, स्लॅब पडला होता, खिडक्या तेवढ्या राहिल्या होत्या.

आणि राहिली होती रमिलाबाई. ती नव्या घरात यायला तयार नव्हती.

तिचं जुनं घर कुडाचं. कुड म्हणजे बांबूच्या चिपा विणून केलेली भिंत. तीन बाजूंनी त्याला शेणामातीचा हात दिलेला, पण पश्चिमेची बाजू उघडीच ठेवलेली, वारा यावा म्हणून. संध्याकाळी त्या विणीतून ऊन आत यायचं आणि जमिनीवर चटई पसरल्यासारखं दिसायचं. चाळीस वर्षं ती त्या चटईवर बसून डाळ निवडत आली होती. "तुम्ही राहा सिमेंटात," ती म्हणायची, "मी इथे बरी." रागावून नाही, अगदी साधं. पण शिवाजीला ते लागायचं. आईच येणार नसेल तर घर बांधलं कुणासाठी? जालमसिंगचे तर दोन्हीकडून हाल. म्हातारपणी बायको एका घरात आणि तो दुसऱ्या घरात, असं कसं चालेल?

भटूच्या दुकानात शिवाजी म्हणाला, "पांढरा घेऊ. शहाद्यात सगळे पांढराच लावतात."

रविनाला लाकडाच्या रेघांचा हवा होता. तिने तो मोबाइलवर पाहिला होता. "पांढरा तर दवाखान्यासारखा दिसेल," ती म्हणाली.

"तुला दवाखाना चांगला ठाऊक. मी नेतो ना दर महिन्याला," शिवाजी म्हणाला. ती आशा वर्कर होती, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून बैठकीला जायची. ती हसली, पण हट्ट सोडला नाही.

रमिलाबाई फळीपाशी उभी होती. तिने टकटक केलं नाही, नखही लावलं नाही. तळहात माझ्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. ऊन लागून मी गरम झालो होतो. मग ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हा कुडाचा रंग आहे."

जालमसिंग जवळ आला. त्याने बघितलं. "आहे," तो म्हणाला.

"हा लावणार असाल तर येईन."

शिवाजीने पांढऱ्याकडे एकदा बघितलं, रविनाने लाकडाकडे. जालमसिंग म्हणाला, "घर पोराचं, खिडक्या हिच्या. मिस्त्री, हा लिहून घे."

भटूने वहीत लिहिलं, कॉफी. माझी पाठ फळीला घट्ट टेकलेली. त्या वेळी मला एक शब्द जरी बोलता आला असता ना! बाई, तुम्ही हात ठेवलात तो माझा रंग नाही, तो उन्हाचा आहे. नवा माल येईल तो माझ्या पाठीसारखा येईल. पण धातूला तोंड कुठलं. मी गप्प राहिलो, आणि ती हसत गेली, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पुढचं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नंतर या ओट्यावर बसून सगळे जे सांगतात, त्यावरून सांगतो.

पावसाच्या तोंडाशी खिडक्या बसल्या. नव्या फ्रेमवर ओरखडा पडू नये म्हणून तिला पांढरा प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, रंग त्याच्याखाली झाकलेला राहतो. भटू जाताना सांगून गेला, "आठ दिसमा कागद काढी टाका, नहीतं चिकटी जाई." रविना लगेच नख लावायला गेली. रमिलाबाईने तिचा हात धरला.

"नवाई झाल्यावर."

इथे डोंगरात नवा दाणा घरात आला तरी नवाईची पूजा होईपर्यंत कुणी तोंडात घालत नाही. आधी देवाला, मग माणसाला. रमिलाबाईचं म्हणणं असं की नव्या दाण्याला जो नेम तोच नव्या खिडकीला. शिवाजी म्हणाला, "आई, खिडकी काय शेतात उगवली?" ती म्हणाली, "वाट बघून आलीय ना? मग तोच नेम." पुढे कुणी वाद घातला नाही. सगळा पावसाळा खिडक्या पांढरं पांघरून उभ्या राहिल्या.

भाद्रपदात नवाई झाली. पाड्यावरची माणसं जेवायला आली. देवाला नवा दाणा वाहून झाला, आणि मग रमिलाबाईनेच आपल्या हाताने पश्चिमेच्या खिडकीचा कागद ओढला. कोपऱ्यातून धरून, सावकाश. चर्र करत तो निघाला.

खाली फ्रेम गडद तपकिरी. जवळजवळ काळी. चकचकीत.

शेजारचा फत्तेसिंग, जालमसिंगचा लहानपणापासूनचा सोबती, त्याला बोलायचं कळत नाही असं नाही, पण थांबायचं कळत नाही. तो म्हणाला, "भाकरी जळाली की गं, वहिनी." दोघं-तिघं हसले. रमिलाबाई हसली नाही. तिने कागदाची घडी केली, सगळ्यांना वाढलं, कुणाला काय हवं-नको बघितलं, आणि शेवटी आपलं ताट उचलून जुन्या घरात गेली. कुडाला पाठ लावून जेवली. रात्रीचं अंथरूणही तिने तिथून हलवलं नाही.

शिवाजी तापला. "उद्या जाऊन भटूला धरतो."

"तू नको जाऊ," जालमसिंग म्हणाला. "तू गेलास तर नुसतं तोंड चालेल. मी गेलो तर डोळे चालतील."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो शहाद्याला आला. इथून पुढचं माझ्यासमोरचं आहे.

भटू नुकताच शटर उघडत होता. जालमसिंगला बघून त्याने स्टूल पुढे केलं. "बठा बाबा. चहा सांगू का? काय व्हयनं?"

"रंग तो नाही आला," जालमसिंग म्हणाला. आवाज नेहमीचाच.

"तोच शे, बाबा." भटूने वही काढली, मालाची चिठ्ठी काढली, दोन्हींवर बोट ठेवलं. "नंबर बी तोच. देखा."

"मला वाचता येत नाही. तू म्हणतोस म्हणजे असेल." त्याने चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारत. आणि स्टूल उचलून माझ्यासमोर येऊन बसला.

तो किती वेळ बसला ते सांगता येणार नाही. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. समोरून उसाचं बेणं भरलेला ट्रॅक्टर गेला. स्टँडवर गाड्या लागल्या, सुटल्या. जालमसिंग बसून होता. माझ्याकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं, दहा वर्षांत नाही. बियाणं बघावं तसा बघत होता. मग उठून त्याने माझ्या कडेला, फळी आणि मी यांच्यामधल्या फटीला अंगठा लावला.

"मिस्त्री, याला जरा खाली उतरव."

"कसाले?"

"उतरव तर."

भटूने पेचकस आणला. स्क्रू गंजून बसलेले, निघायला तयार नव्हते. शेवटी निघाले. दहा वर्षांनी पाठीला वारा लागला, तेव्हा मला कसंतरीच झालं. जालमसिंगने मला उलटं केलं आणि भटूच्या हातात दिलं.

भटू बघत राहिला. पुढून बघितलं, मागून बघितलं, परत पुढून. मग तो खाली पायरीवरच बसला.

"मन्ही चुकी व्हयनी, बाबा," तो म्हणाला. "रोज देखस ना, म्हणून दिसनं नही. समद्या खिडक्या बदलाई दिसू."

"कशाने बदलशील? हा रंग कारखान्यात मिळतो?"

भटूने मान हलवली. तो रंग कुठल्याच कारखान्यात मिळत नव्हता.

"उन्हाची चूक तू कशाला भरतोस," जालमसिंग म्हणाला. "मला एवढं सांग. माझ्या खिडकीला असं व्हायला किती दिवस लागतील?"

भटूने डोकं खाजवलं. "धा उन्हाया लागतीन. बाहेरथून आधी, आतथून सावकाश."

"दहा उन्हाळे." जालमसिंगने तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मग मला टॉवेलात गुंडाळलं. "हा मी नेतो. तू नवा लाव. आणि त्याची पाठ गिऱ्हाइकाला दाखवत जा."

एसटीत त्याने मला मांडीवर धरलं होतं. मी पहिल्यांदा केळीच्या बागा बघितल्या, टॉवेलाच्या फटीतून. वाटेत कंडक्टरने विचारलं, "बाबा, काय बंदूक आणली का?" तर म्हणाला, "नाही, पाहुणा आहे."

घरी आला तेव्हा रमिलाबाई जुन्या घराच्या दारात तूर पाखडत होती. तो टॉवेल सोडत पुढे आला. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मला पुढून धरलं. मग उलटं करून मागून धरलं. पुन्हा पुढून. तिचं सूप थांबलं.

"हा म्हातारा झालेला होता," ती म्हणाली.

"हो. दहा उन्हाळे खाल्लेत याने."

"आणि आपण नवा मागितला."

तो हसला. मग कुडाकडे हनुवटी करून म्हणाला, "हा उभा केला तेव्हा कसा होता, आठवतं?"

तिने मान वळवून कुडाकडे बघितलं.

"हिरवा," जालमसिंग म्हणाला. "नुसता हिरवा. तू लग्न होऊन आलीस त्याच वर्षी मी बांबू तोडून आणला होता. तू आठ दिवस धड झोपली नाहीस. म्हणायचीस, हिरव्यात झोप येत नाही, ओल्या लाकडाचा वास येतो. मला म्हणायचीस, मला माझ्या आईच्या कुडात नेऊन सोड."

रमिलाबाईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. पण तिचे खांदे हलत होते ते हसण्याने. "आणि तू म्हणालास, थांब, धूर बसू दे, ऊन लागू दे."

"मग थांबलीस ना?"

"जाऊन जाऊन जाणार कुठे," ती म्हणाली. मग मला हातात घेऊन तिने अंगठा फिरवला, पुढच्या अंगावर, मग पाठीवर. "दहा म्हणजे फार होतात रे. आपण दिसू का तोवर?"

"बघू. खिडकीला तर थांबायचंच आहे."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "सगळ्यात जास्त ऊन कोणत्या खिडकीला लागतं?"

"पश्चिमेच्या."

"मग माझी खाट तिथे लावा," ती म्हणाली. "आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत रविनाला तिच्या रेघा लावून द्या. ती बिचारी काही बोलली नाही."

शिवाजी ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होता. मग एकदम उठून खाट उचलायला गेला. एकटाच. दारात अडकली तेव्हा म्हणाला, "कुणी धरेल का जरा?" आणि मग जालमसिंग, रविना आणि तो अशा तिघांनी मिळून नेली.

त्या दिवसापासून मी या कडप्प्यावर आहे. जुन्या कुडात आता शेळ्या असतात, पण पश्चिमेची बाजू रमिलाबाईने मोडू दिलेली नाही. शेळ्यांनाही वारा लागतो, म्हणते. नव्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत येतं, पण त्याची चटई होत नाही, सरळ चौकोनी गोधडी होते. तिलाही आता सवय झालीय. डाळ तिथेच निवडते. कधी चष्मा माझ्यावर ठेवते, कधी सुईदोरा. एकदा तिने मला दार अडवायला वापरलं तेव्हा जालमसिंग रागावला. तो एवढाच काय तो रागावलेला मी पाहिला. माझी पाठ तो खालीच ठेवतो, उन्हाला दाखवत नाही. म्हणतो, कुठून निघालो ते कळायला ती तशीच राहू दे.

होळी झाली की दोघं मला उचलतात आणि बाहेर जाऊन फ्रेमला लावून बघतात. माझं पुढचं अंग आणि खिडकीचं अंग शेजारी शेजारी. दोन उन्हाळे झाले, हा तिसरा लागला. फरक विचाराल तर, भटू म्हणेल नाही. रमिलाबाई म्हणते, थोडा आहे, वरच्या कोपऱ्यात. मी तिच्या बाजूने आहे.

तुम्ही कधी घराच्या खिडक्या निवडायला गेलात तर माझं एक ऐका. फळीवरच्या नमुन्याला टकटक करा, नख लावा, साडी धरा, त्याचं काही नाही. पण जमलं तर त्याला उतरवून त्याची पाठ बघा. आज घरी काय येणार ते तिथे दिसेल. आणि पुढचं अंग बघाल तेव्हा समजा, तुम्ही धीर धरलात तर पुढे काय येणार ते दिसतंय. दोन्ही खरं आहे. माणसं घाईत एकच बघतात आणि मग भांडतात.

मला काही मागायचं नाही. खिडकी झालो नाही, पण खिडकीने कसं व्हावं ते सांगणारा झालो. एवढ्यावर वीतभर तुकड्याने खूश असावं.

तर आजचीच गोष्ट. सकाळी गारवा होता तेव्हाच दोघांनी मला बाहेर नेलं होतं. रमिलाबाईने मला फ्रेमला धरलं होतं, जालमसिंग एक पाऊल मागे सरून मान वाकडी करून बघत होता. तेवढ्यात फत्तेसिंग कुंपणावरून आला, रोजच्यासारखा बिडी मागायला. जळक्या भाकरीचं बोललेलं त्याच्या मनात अजून आहे. खिडकीसमोर आला की जरा चुळबुळतो.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"दोन," जालमसिंग म्हणाला. "आठ राहिले."

फत्तेसिंगने बिडी घेतली, पेटवली, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग जालमसिंगच्या पांढऱ्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आठ उन्हाळे म्हणजे तेवढे दिवस तुला मरायला सवड नाही, जालम. आणि मलाही थांबावं लागेल. मी गेलो तर सकाळी तुझी बिडी कोण ओढणार?"